गोठ्यातलं गणित

गाय काट्यावर उभी करून तोलणारा गोठा महाराष्ट्रात शोधूनही क्वचितच सापडेल. औषधाचा डोस मात्र वजनावरच ठरतो. मग पशुवैद्यक खिशातून टेप काढतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेराचा वर्ग करून त्याला लांबीनं गुणायचं आणि ३०० नं भागायचं. मापं इंचांत असतील तर वजन पौंडांत मिळतं. घेर ६८ इंच आणि लांबी ६० इंच असेल तर ९२५ पौंड, म्हणजे ४२० किलो. ताप आणि सूज उतरवायला मेलोक्सिकॅम द्यायचं असेल तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, एकूण २१० मिलिग्रॅम. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असं छापलेलं असेल तर सिरिंजमध्ये ४२ मिलिलिटर भरायचं. हे सगळं शेणात उभं राहून, शेपटीचे फटके चुकवत, 'डॉक्टर, जरा लवकर' असं म्हणणाऱ्या मालकासमोर.

आता टेप जरा ढिला धरला गेला आणि घेर दोन इंच जास्त भरला, तर वजन ४४५ किलो येतं. पंचवीस किलोंची चूक. तीच दोन इंचांची चूक लांबीत झाली तर फरक चौदा किलोंच्या आसपास राहतो. घेराचा वर्ग होतो आणि लांबीचा होत नाही, एवढंच त्याचं कारण. आणि म्हणूनच अनुभवी माणूस घेर दोनदा मोजतो. हे आठवी-नववीचं बीजगणित आहे.

दहावीचा निकाल लागल्यावर घरोघरी जी चर्चा होते, तिच्यात हा टेप कुठेच नसतो. तिथलं ठरलेलं वाक्य असं: मुलीला प्राण्यांची आवड आहे, गणिताचं आणि तिचं जमत नाही, तेव्हा बायोलॉजी घेऊन टाकू. अर्ध्या महाराष्ट्रात अकरावीचे विषय असेच ठरतात. या वाक्यातला 'बायोलॉजी घेऊ' हा भाग बरोबर आहे. उरलेला भाग तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी प्रवेशाचे नियम, कारण तिथे आवडीनिवडीला जागा नाही. पशुवैद्यकाची पदवी म्हणजे बी.व्ही.एससी. अँड ए.एच. हा वर्षभराची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि प्रवेश 'नीट'च्या गुणांवर. म्हणजे माणसांच्या डॉक्टरकीला जी परीक्षा, तीच इथेही. या परीक्षेचे ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. उरलेले निम्मे भौतिक आणि रसायन यांचे. फक्त बायोलॉजी पक्की करून बसलेला विद्यार्थी निम्म्या पेपरासमोर हात टेकतो. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळतं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही त्यांतली ओळखीची नावं. परळचं मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ सालचं.

गणित या यादीत नाही, हे खरं. पण शेजारच्याच दारावर आहे. दुग्धतंत्रज्ञानाच्या बी.टेक.ला गणित लागतं, कारण तो अभ्यासक्रम मूळचा अभियांत्रिकीचा: दूध किती तापवायचं, किती वेगानं थंड करायचं, पाइपातून कसं न्यायचं. उदगीर आणि पुसदजवळचं वरुड इथली महाविद्यालयं त्यासाठीची. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी रत्नागिरीच्या शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला आहे, आणि तिथे पुन्हा जीवशास्त्र महत्त्वाचं. म्हणजे एकाच विद्यापीठाच्या छताखाली गाईवर उपचार करायचे तर जीवशास्त्र आणि तिच्या दुधावर प्रक्रिया करायची तर गणित.

पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणं, हा त्यावर सरळ उपाय वाटतो. ज्याला झेपतं त्यानं जरूर घ्यावं. पण चारही विषयांचे प्रॅक्टिकल, जर्नल आणि क्लास सांभाळताना चारही कच्चे राहणारी मुलंही दर वर्षी दिसतात. पशुवैद्यक व्हायचं नक्की असेल तर पीसीबी पुरे. अजून नक्की नसेल तर अकरावीपुरतं तरी गणित सोडू नये.

खरा सापळा 'बायफोकल'चा. दोनशे गुणांचा व्यवसाय विषय, गुण मिळतात चांगले, म्हणून विज्ञान शाखेची पुष्कळ मुलं संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतात आणि त्याच्या बदल्यात बहुतेक वेळा जीवशास्त्र सुटतं. 'नीट'चा फॉर्म भरायच्या वेळी ते लक्षात येतं. याच बायफोकलच्या यादीत पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय, गोड्या पाण्यातलं मत्स्यसंवर्धन असेही विषय आहेत. ते फार थोड्या कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवले जातात, पण ग्रामीण भागात जिथे आहेत तिथे जीवशास्त्राच्या जोडीनं ते घ्यायला हरकत नाही.

आता रसायनशास्त्राकडे. प्राण्यांच्या क्षेत्रात या विषयाचं वजन किती, हे गिधाडांनी शिकवलं, आणि त्यासाठी फार मोठी किंमत मोजली.

१९९० च्या दशकात भारतभर गिधाडं मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. हजारांपैकी एक उरलं. सुरुवातीला सगळ्यांचा संशय साथीच्या रोगावर होता. मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड केली तर आतल्या अवयवांवर पांढरी पूड साचलेली दिसे. ती यूरिक आम्लाची होती, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. पण ती कशामुळे, हे कळत नव्हतं. लिंडसे ओक्स हा अमेरिकी पशुवैद्यक आणि त्याचे सहकारी पाकिस्तानात काम करत होते. विषाणू, कीटकनाशकं, जड धातू असं एकेक तपासून बाजूला सारल्यावर त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: गिधाडं जे खातात त्या गुरांना मरण्यापूर्वी काय दिलं जातं? उत्तर होतं डायक्लोफेनॅक, माणसांच्या गुडघेदुखीवरचं तेच औषध. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतानं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि त्याला पर्याय म्हणून जे औषध गिधाडांना देऊन सुरक्षित ठरलं होतं, ते म्हणजे सुरुवातीच्या हिशोबातलं मेलोक्सिकॅम.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. गुरांची बाटली बंद झाली तेव्हा माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्यात आली. ती ३० मिलिलिटरची असे. माणसाला एका वेळी तीनच मिलिलिटर लागतं. शेवटी २०१५ मध्ये सरकारला माणसांसाठीचं इंजेक्शनही एका डोसाच्या कुपीपुरतं मर्यादित करावं लागलं. मग ॲसेक्लोफेनॅक नावाचं दुसरं वेदनाशामक पुढे आलं. नावातच भाऊबंदकी दिसते. गाईच्या शरीरात गेल्यावर या औषधाचं रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होतं. २०२३ मध्ये त्याच्यावर आणि कीटोप्रोफेनवरही गुरांसाठी बंदी आली. एका रेणूचा शरीरात दुसरा रेणू कसा होतो, हे ज्याला कळतं त्याला हा धोका कागदावरच दिसू शकतो. अकरावीत कार्बनी रसायन 'स्कोअरिंग नाही' म्हणून ऑप्शनला टाकणाऱ्या मुलांना ही हकिगत सांगायला हवी.

भौतिकशास्त्राचा वाटा थोडक्यात सांगता येईल. एक्स-रे आणि सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही पोचू लागली आहे, पण त्याहून रोजचं उदाहरण कृत्रिम रेतनाचं. वळूचं रेत पाव मिलिलिटरच्या कांडीत भरून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. गाय माजावर आली की कांडी चिमट्यानं वर काढायची आणि ३७ अंशांच्या कोमट पाण्यात तीसेक सेकंद धरायची. पाणी जास्त गरम झालं, थर्मास नसल्यानं गार पडलं किंवा दुसरी कांडी शोधताना पहिली टाकीच्या तोंडाशी रेंगाळली, की शुक्राणू मरतात. गाय उलटते, पुढचा माज एकवीस दिवसांनी येतो, आणि तोवरचा चारा मालकाच्या खिशातून जातो. गावात याचा दोष सहसा गाईला दिला जातो.

समुद्राकडेही हेच शास्त्र. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. कासव श्वास घ्यायला वर आलं की ट्रान्समीटर संदेश पाठवतो. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना त्या संदेशाच्या वारंवारतेत पडणारा फरक मोजून कासवाची जागा काढायची, ही अशा ट्रान्समीटरांची जुनी रीत. डॉप्लर परिणाम म्हणून बारावीपर्यंत पाठ केलेली गोष्ट ती हीच.

पुन्हा गणित. भारतात वाघ मोजण्याची पद्धत ज्या माणसानं बदलली त्याची पदवी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची होती. उल्लास कारंत सुरतकलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, नंतर वन्यजीवशास्त्राकडे वळले आणि नागरहोळेच्या जंगलात त्यांनी कॅमेरा ट्रॅप लावले. त्याआधी पायाच्या ठशांवरून वाघ मोजत. कारंतांचं म्हणणं असं, की दिसलेले वाघ म्हणजे असलेले वाघ नव्हेत. न दिसलेल्यांचाही अंदाज काढता आला पाहिजे. त्यासाठीची मूळ कल्पना कुठल्याही दहावीच्या मुलाला कळेल इतकी सोपी आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे आणि प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यानं दहा बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत बारा टिपले आणि त्यांतले सहा आधीचेच निघाले. म्हणजे आधीच्या दहांपैकी सहा, साठ टक्के, पुन्हा सापडले. मग हे बारा म्हणजे एकूण संख्येच्या साठ टक्के, आणि एकूण बिबटे साधारण वीस. प्रत्यक्षातली समीकरणं याहून पुष्कळ अवघड असतात, पण बीज हेच.

या हिशोबानं महाराष्ट्राला एक धक्का दिला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावले ते जंगलात नव्हे, उसात आणि वस्त्यांच्या आसपास. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात असा तो भाग. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. 'जंगल संपलं म्हणून बिबट्या गावात आला' या समजुतीला त्या आकड्यानं छेद दिला. तो आला नव्हता. तिथेच राहत होता. हे काम सांख्यिकीशिवाय झालं नसतं. आणि त्यात गावकऱ्यांशी बोलणंही तितकंच होतं, ज्याची परीक्षा कुठल्याच बोर्डात नाही.

बोलण्याचा मुद्दा पशुवैद्यकाला आणखी लागू. जनावर काय होतंय ते सांगत नाही. सांगतो तो मालक, आणि तोही स्वतःच्या शब्दांत. 'दोन दिवस झाले रवंथ करत नाही', 'वार अडकलीय', 'दगडी झालीय', 'कालपासून पोट तटतटलंय' हे ऐकून पुढचा नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे: शेण कसं पडतंय, ओला चारा कधी घातला, याआधी किती वेतं झाली. पुस्तक इंग्रजीत आणि रोगी मराठीत, अशी ही प्रॅक्टिस आहे. शहरात वाढून परभणीत किंवा उदगीरला दाखल झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षं हेच जड जातं. दहावीनंतर मराठी सोडून शंभर गुणांचं आयटी घेणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

भाषेचा उपयोग जंगलातही होतो. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात ते शिकले आणि नोकरीच्या काळात विदर्भातल्या जंगलांत हिंडताना आदिवासी, कोळी, शिकारी यांच्या तोंडून पक्ष्यांची आणि झाडांची नावं गोळा करत राहिले. पुढे संस्कृत शिकले. त्यांचा 'पक्षिकोश' या भाषेच्या वेडातून उभा राहिला, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींची हकिगत त्याच्या उलट टोकाची. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणात त्यांना नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये १९२६ पासून ते मार्गदर्शक व्याख्याते होते. बर्लिनहून शिकून परतले तेव्हा ते पदही उरलं नव्हतं. मग अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासानंच त्यांचं नाव झालं. हे उदाहरण पालकांना सांगून 'मला पदवी नको' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ते १९३० साल होतं.

कला शाखेच्या मुलांना मात्र सगळी दारं बंद नाहीत. राज्याच्या वनरक्षक भरतीत बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा, अशी अट असते. म्हणजे कला शाखेत भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेली मुलगी पात्र ठरते आणि दोन्ही टाळून बसलेली ठरत नाही. एका विषयाचा फरक.

दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविकाही आहे. गावोगावच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करणाऱ्यांचा मोठा आधार ही पदविकाच असते, आणि लसीकरणाचा बराचसा भार तेच उचलतात. पण हा रस्ता कुठवर जातो ते आधी समजून घ्यावं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करायला पदवी आणि नोंदणी हवी. पदविकाधारकानं किरकोळ उपचार करायचे तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. खेड्यात या दोघांमधली रेघ पुसट असते आणि वाद तिथूनच होतात.

विषय ठरवण्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चार-आठ दिवस जाऊन उभं राहावं, डॉक्टरांची परवानगी घेऊन. घरातल्या लाडक्या लॅब्रॅडोरवरून या कामाची कल्पना येत नाही. खोड्यात उभी केलेली म्हैस, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून केलेली गाभण तपासणी, फऱ्या-घटसर्पाच्या लसीसाठी एका वस्तीवर धरलेली शंभर जनावरं, शवविच्छेदनाचा वास, आणि विम्याच्या कागदावर सही हवी म्हणून ताटकळलेला मालक. हे पाहून ज्याला दुसऱ्या दिवशीही यावंसं वाटतं, त्यानं भौतिकशास्त्राचा कंटाळा करू नये. ज्याला नको वाटतं, त्याच्यासाठीही प्राण्यांचं काम संपत नाही: प्रयोगशाळा आहे, डेअरी आहे, मत्स्यबीज केंद्र आहे, प्राणिसंग्रहालय आहे, वन्यजीवांची आकडेवारी आहे.

उलट फिरणं सगळ्याच विषयांत सारखं सोपं नसतं. बारावीला गणित नसलेला पशुवैद्यक सांख्यिकी पुढे शिकतो. पदवीच्या अभ्यासक्रमात जैवसांख्यिकी असतेच. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यानं मात्र पशुवैद्यक व्हायचं मनावर घेतलं तर त्याला मागे येऊन परीक्षा द्यावी लागते. वन्यजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हे कुंपण बरंच खाली आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या अभ्यासक्रमात इंजिनीअरही येतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायला पदवीत ठरावीक यादीतला किमान एक विषय लागतो. त्या यादीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक आहेत, तसेच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, सांख्यिकी आणि भूगर्भशास्त्रही आहेत. कृषी, वनशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या पदव्याही चालतात. भूगोल, अर्थशास्त्र या यादीत नाहीत. वनरक्षक होऊ शकणाऱ्या त्या कला शाखेच्या मुलीला वनसेवेत जायचं असेल, तर पदवीचा विषय बदलावा लागेल.